बोरमाळ का म्हणतात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



गेली जवळजवळ ३० वर्षं मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. त्याच्या जोडीला दागिन्यांची डिझाइन्स काढते, आणि गेल्या काही वर्षांपासून लग्नाच्या मांडवाची सजावटही माझ्याकडे येऊ लागली आहे. ही तीन कामं वेगवेगळी वाटतात, पण माणसं तीच असतात. ज्या घरात लग्न ठरतं त्या घराला आधी रंग लागतो, मग सोनाराकडे फेऱ्या सुरू होतात आणि शेवटी कार्यालयाच्या सजावटीवर गाडी येते. या सगळ्यांकडून मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे, "मॅडम, तुम्हाला या कल्पना सुचतात कुठून?"

प्रश्न विचारणारी मुलगी स्वतः मात्र रिकाम्या हातानं आलेली नसते. तिच्या मोबाइलमध्ये दोनशे-तीनशे फोटो असतात. इटलीतल्या तळ्याकाठचं लग्न असतं, उदयपूरच्या महालातलं असतं, एखाद्या नटीच्या गळ्यातला हार असतो, कुणा परक्या माणसाची बैठकीची खोली असते. सगळं दाखवून झालं की ती म्हणते, "साधारण असंच, पण थोडं वेगळं करून द्या." तिच्या शेजारी बसलेली आई गप्प असते. आईच्या हातात पुष्कळदा एक डबा असतो, जुन्या दागिन्यांचा. तो मोडून नवं करायचं असतं.

त्या मुलीला मी हसत नाही. कारण एके काळी मीही तशीच होते, आणि त्याची किंमत मोजून बसले आहे. आज कल्पना कुठून सुचतात हे सांगायचं तर मला तिथूनच सुरुवात करायला हवी.

गोष्ट १९९७ सालची. मी नुकतीच शिकून बाहेर पडले होते. मोबाइल नव्हते, पण परदेशी मासिकं होती. रद्दीवाल्याकडे ती जुनी मिळायची आणि आम्ही ती जपून ठेवायचो. त्यातल्याच एका मासिकात मी एक नाजूक साखळी आणि लोलक असा सेट पाहिला होता. तसाच सेट स्वतःसाठी करायचं माझ्या मनानं घेतलं. आईनं आम्हा दोघी बहिणींना घरातले जुने दागिने वाटून दिले होते. अक्काच्या वाट्याला जोंधळी पोत आली होती आणि माझ्या वाट्याला बोरमाळ. बोरमाळ काही मी घालणार नव्हते. मी आईला विचारलं, "मोडू का?" आई म्हणाली, "तुझी आहे ती. तुला वाटेल ते कर."

मी एका वृद्ध सोनाराकडे गेले. त्यांनी माळ हातात घेतली, उजेडात धरली आणि मला विचारलं, "ताई, हिला काय म्हणतात?"

"बोरमाळ."

"बोरमाळ का म्हणतात?"

"का म्हणजे? नावच आहे ते."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मोडायची असेल तर मोडू. पण एकदा नीट बघून घ्या."

मी पाहिली नाही. मला घाई होती. लाखेसकट माळ अडीच तोळे भरली. मणी तापवले, आतली लाख गळून गेली, राहिलेला पत्रा मुशीत गेला आणि आटणीनंतर हातात आलं ते जेमतेम सव्वा तोळा सोनं. म्हणजे माळेचं निम्मं वजन लाखेचं होतं. मला फसल्यासारखं वाटलं. मी तसं म्हटल्यावर ते सोनार शांतपणे म्हणाले, "फसवणूक नाही, ताई. थोड्या सोन्यात मोठा दागिना व्हावा म्हणून तर ही युक्ती. पातळ पत्र्याचा पोकळ मणी करायचा, चेपू नये म्हणून त्यात लाख भरायची. अशा एकेका मण्याला मेहनत किती लागते ते सोनं तोलणाऱ्या काट्यावर दिसत नाही."

त्या सव्वा तोळ्याचा माझा सेट झाला. मासिकातल्या चित्रासारखा हुबेहूब. वर्षभरात मला तो जुना वाटायला लागला. चित्रातली फॅशन गेली, तिच्याबरोबर सेटही गेला. आज तो कपाटात कुठेतरी आहे.

पुढे कामानिमित्त त्याच सोनारांकडे माझं जाणं-येणं वाढलं आणि त्यांनी मला माझ्याच भाषेतल्या दागिन्यांची नावं शिकवली. नावं मला माहीत होती, पण ती ऐकायची कशी हे माहीत नव्हतं. तुम्हीही आता ही नावं जरा सावकाश ऐका. बोरमाळ म्हणजे बोराएवढ्या आणि बोराच्या घाटाच्या मण्यांची माळ. जोंधळी पोत म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या मण्यांची. जवमणी म्हणजे जवाच्या दाण्यासारखा. पोहेहार, चिंचपेटी, बकुळीहार, चंपाकळी. पायाच्या बोटातल्या मासोळ्या. केसांत खोवायचा सोन्याचा केवडा. कोल्हापुरी साजाचं एकेक पान पाहा, त्यात मासा आहे, कासव आहे, शंख आहे, बेलाचं पान आहे, भुंगा आहे आणि चक्क कारलंही आहे.

शेत, परसू, नदी आणि देवघर! सगळा दागिना इथून आलेला. ज्या कुणा कारागिरानं पहिल्यांदा कारल्याच्या आकाराचं पदक घडवलं असेल, त्याच्या धैर्याचं मला फार कौतुक वाटतं. आज माझ्यासमोर कुणी म्हणालं की नवरीच्या गळ्यात कारलं घालूया, तर मीच आधी दचकेन. पण त्यानं कारलं भाजी म्हणून पाहिलं नाही. त्याची दोन्हीकडे निमुळती होत गेलेली लांबट बांधणी पाहिली, त्यावरचा खडबडीतपणा पाहिला आणि हे सोन्यात छान दिसेल हे त्याला कळलं. त्यानं जोंधळा पाहिला आणि पोत घडवली. आपण पोतीचा फोटो पाहतो आणि त्या फोटोसारखं काहीतरी करतो. म्हणून त्याचं काम टिकतं आणि आपलं वर्षात शिळं होतं. प्रेरणा या शब्दाबद्दल मला जे काही कळलं आहे, ते एवढंच.

हीच गोष्ट घराच्या बाबतीत. काही वर्षांपूर्वी पुण्यातलं एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं होतं. दोन खोल्यांचा फ्लॅट. त्यांना 'वाड्यासारखा लुक' हवा होता. बैठकीच्या खोलीत कोरीव लाकडी खांब दोन, मधे महिरप. खांब कुठून मिळतील याचीही चौकशी त्यांनी करून ठेवली होती. मी त्यांना म्हटलं, "आधी आपण विश्रामबागवाड्यात जाऊन येऊ." हा वाडा दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. त्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग सगळ्या पुणेकरांच्या ओळखीचा आहे. तिथे सुरूच्या घाटाचे खांब आहेत, केळफुलाचं कोरीव काम आहे. आम्ही एका खांबाशी उभे राहिलो आणि मी त्यांना सोनारांचाच प्रश्न विचारला, "हा खांब इथे का आहे?"

खांब शोभेसाठी नाही. लाकडी तुळईला एका मर्यादेपलीकडे मोकळा पल्ला पेलत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर तिला खांबाचा आधार द्यावा लागतो. दोन खांबांमधलं ते अंतर म्हणजे खण. जुनी माणसं घर चौरस फुटात सांगत नसत, पाच खणी, सात खणी असं सांगत. म्हणजे खांब हे त्या घराचं माप होतं. त्याला तिथं उभं राहायचंच होतं, म्हणून कारागिरानं त्याला देखणं केलं. तुमच्या सिमेंटच्या फ्लॅटमध्ये तो खांब काहीच उचलणार नाही. नुसता वाटेत उभा राहील आणि येता-जाता कोपर लागेल.

मग वाड्यातून घ्यायचं तरी काय? चौक घ्यायचा. आता फ्लॅटमध्ये चौक कुठून आणणार? पण चौक काय करत होता ते आणता येतं. चौकातून उजेड आणि वारा मधोमध यायचा आणि चारी बाजूंच्या सोप्यांवर बसलेली माणसं एकमेकांना दिसायची. आम्ही त्या फ्लॅटमधला भलामोठा सोफा काढला. खिडकीला लागून दोन भिंतींना बुटकी बैठक केली, तिच्याखाली सामानाचे खण केले, वर लोड-तक्के ठेवले. दिव्यासाठी त्यांना कोनाडा हवा होता. वाड्याच्या भिंती हात-दीड हात जाड असायच्या, म्हणून त्यात कोनाडे निघत. आपल्या भिंतीत तो निघत नाही. पण कपाटाला तेवढी खोली असते. म्हणून कपाटाच्याच एका कप्प्याचा कोनाडा केला आणि आत दिवा लावला. त्या घरात वाड्यासारखं दिसणारं काहीही नाही. पण पहिल्या दिवाळीला मुलाची आजी गावाहून आली, त्या बैठकीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "इथं बरं वाटतंय." एवढ्या वर्षांत मला मिळालेल्या पावत्यांमध्ये ही मोठी.

लग्नाच्या सजावटीत मात्र मला हा धडा जरा चारचौघांत शिकावा लागला. २०१४ चा वैशाख, सांगली, मोकळ्या लॉनवर गोरज मुहूर्त. मुलीला ट्यूलिप हवे होते. मी मागवून दिले. थंड पेट्यांमधून ते आले तेव्हा फार सुंदर होते. दुपारी चारला मांडले आणि सहा वाजेपर्यंत त्यांनी माना टाकल्या. पाहुणे यायला लागले होते आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. चूक माझी होती. वैशाखातलं ऊन मला काही नवीन नव्हतं. त्या वेळी गावातला एक फुलवाला धावून आला. दोन तासांत त्यानं आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, केळीचे खुंट उभे केले, झेंडू आणि निशिगंधाच्या माळा सोडल्या. मुहूर्त निभावला.

रात्री सगळं आटोपल्यावर मी त्या मांडवात एकटीच बसले होते. आंब्याचं एकही पान कोमेजलं नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे लग्नं सुगीनंतर, उन्हाळ्यात व्हायची. धान्य घरात आलेलं असायचं, हातांना काम नसायचं. त्या उन्हात जे टिकेल तेच मांडवात आलं. आंब्याचं पान जाड आणि चिवट, तोडल्यावरही पुष्कळ काळ हिरवं राहतं. केळीच्या खुंटात पाणी भरलेलं, म्हणून तो ताठ उभा राहतो. कोकणात नारळाच्या झापांचा मांडव घालतात, कारण त्याखाली गारवा असतो. आपण याला शुभ म्हणतो, आणि ते आहेच. पण शुभ ठरण्याआधी ते उपयोगी ठरलं असणार. ज्या मुलखात, ज्या महिन्यात लग्न आहे तो मुलूख आणि तो महिना आधी पाहायचा, हे मी त्या रात्री शिकले. त्यानंतर मी कुणाच्याही लग्नाचं काम घेतलं की पहिला प्रश्न तारखेचा विचारते आणि दुसरा, त्या दिवसांत त्या गावात काय फुलतं हा.

आता कुणाला वाटेल की ही बाई परदेशी काही घेऊच नका असं सांगते आहे. मुळीच नाही. उलट थोडं खोलात गेलं की आपलं म्हणून जे आपण मिरवतो त्यातलं किती बाहेरून आलं आहे ते कळतं. मराठी नवरीची नथ घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांतली पाचव्या शतकातली चित्रं पाहा. तिथल्या स्त्रियांच्या कानांत, गळ्यात, दंडावर, केसांत दागिनेच दागिने आहेत. नाकात मात्र काही नाही. नाकातला दागिना आपल्याकडे त्यानंतर पुष्कळ शतकांनी आला. नथीतले नामांकित बसरा मोती तर नावातच इराकचं बंदर घेऊन आले. वाड्यातले सुरूचे खांब कोकणच्या किनाऱ्यावरच्या सुरूवरून आलेले नाहीत, मोगलांच्या बागांमधल्या निमुळत्या सुरूवरून आलेले आहेत. महिरपही तशीच. आणि ज्याच्याशिवाय आपला दसरा आणि मांडव होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. दर्यावर्दी लोकांबरोबर समुद्र ओलांडून तो इकडे आला.

पण गंमत अशी की यातलं काहीही उपरं वाटत नाही. कारण आपल्या माणसांनी ते नुसतं उचललं नाही, ते वापरून वापरून आपलंसं केलं. मोती बसऱ्याचा, पण नथीचा घाट इथला. पैठणीच्या पदरावर मोर आहे. मोर काय, सगळीकडे असतो. पण येवल्या-पैठणच्या विणकरांनी त्याला बांगडीच्या गोलात बसवला आणि त्याचा बांगडी-मोर झाला. काठाला नारळी नाव मिळालं. म्हणून मी मुलींना सांगते, इटलीतल्या लग्नाचा फोटो जरूर आण. फक्त मला एवढं सांग, त्यात तुला काय आवडलं? फूल, की तळ्यावरचा संध्याकाळचा उजेड? उजेड आवडला असेल, तर तो आपल्याकडेही मिळेल. फक्त मुहूर्त बघावा लागेल!

आवडलं म्हणून उचलायचं नाही याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आज वारली चित्रं पडद्यावर, कपांवर, लग्नपत्रिकांवर, कुठेही दिसतात. ही चित्रं मुळात आदिवासी घरातल्या मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढली जात, आणि ती काढत सवाष्ण बायका, लग्नाच्या निमित्तानं. त्यातला जो चौक असतो त्याच्या मधोमध पालघाट देवी असते. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नसे. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हशे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आणलं, रोजच्या जगण्यातले विषय त्यात आणले आणि जगाला ते माहीत करून दिलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. माझ्याकडे एका गिऱ्हाइकानं न्हाणीघराच्या टाइल्सवर वारली चौक मागितला होता, देवीसकट. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना तो एक सुंदर चौकोन वाटला होता. तो चौकोन काय आहे हे मी त्यांना सांगितलं. ते चटकन म्हणाले, "अहो, आम्हाला माहीतच नव्हतं." मग आम्ही वारली चित्र न्हाणीघरात लावलंच नाही. बैठकीच्या खोलीत तारपा नाचाचं एक मूळ चित्र लावलं, वारली चित्रकाराकडून, त्यानं सांगितलेली किंमत देऊन घेतलेलं. दुसऱ्याच्या देवघरातून काही घेताना विचारून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.

आता शेवटची गोष्ट. ती पुन्हा मला बोरमाळेपाशी घेऊन जाते.

अक्काची मुलगी, माझी भाची, पुण्यात इंजिनिअर आहे. तिचं लग्न २०२३ च्या फेब्रुवारीत ठरलं. माहेर मंगळवेढ्याजवळचं, लग्न तिथेच करायचं होतं. एक दिवस ती माझ्याकडे आली. हातात डबा, डब्यात अक्काच्या वाट्याची ती जोंधळी पोत. मोबाइलमध्ये एका नाजूक सेटचा फोटो. म्हणाली, "मावशी, आईनं दिलीय. मी काही ही घालणार नाही. मोडून याच्यासारखं करून दे ना. डिझाइन तूच काढ."

मी काय सांगणार होते? छव्वीस वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. मोडू नकोस म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी तिला एवढंच म्हटलं, "मोडू. पण आधी आजीकडे जाऊन हिची हकिकत विचारू."

आई तेव्हा ८० च्या पुढे होती. तिनं पोत हातात घेतली, दाण्यांवरून बोट फिरवलं आणि सांगायला लागली. पोत तिच्या आजेसासूबाईंची. कोरडवाहू रान, शाळूचं पीक. पीक चांगलं आलं की पोत वाढायची, दुष्काळ पडला की सावकाराकडे जायची, पुन्हा सोडवून आणली जायची. मग आई सहज म्हणाली, "तशीच ती बोरमाळ. सासूबाई दर सुगीला दोन-तीन मणी करायच्या. चाळीस मणी व्हायला त्यांना पंधरा-सोळा वर्षं लागली."

मी आईकडे बघत राहिले. म्हणजे मी सव्वा तोळा सोनं आटवलं नव्हतं. पंधरा-सोळा सुग्या आटवल्या होत्या. मी विचारलं, "आई, तेव्हा तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू विचारलंस ते मोडू का म्हणून. कशी झाली, हे कुठं विचारलंस?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

भाचीनं पोत मोडली नाही. ती आम्ही नव्यानं गाठवून घेतली. जुना दोरा विरला होता, तेवढा बदलला. दाणे तेच. आणि मग लग्नाची सजावट काय करायची हा प्रश्नच उरला नाही. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. फेब्रुवारीत शाळूची काढणी चालू असते. आम्ही मांडवाच्या खांबांना आंब्याच्या डहाळ्यांबरोबर शाळूच्या कणसांच्या पेंढ्या बांधल्या. बोहल्यामागे फुलांची भिंत उभारली नाही. धुऊन स्वच्छ केलेल्या गोणपाटावर कणसांची एकच मोठी महिरप केली. पिवळट पांढरे दाणे, हिरवी पानं आणि नवरीच्या गळ्यात तसेच सोन्याचे दाणे. ज्याला दिसायचं त्याला दिसलं, बाकीच्यांना नुसतं छान वाटलं.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. सकाळी मांडवात चिमण्यांचा थवा उतरला आणि महिरपीची एक बाजू त्यांनी फस्त करत आणली. दाणे खाली सांडले म्हणून आचारी वैतागला. भाऊजी काठी घेऊन उभे राहिले. आई खुर्चीवर बसून हसत होती. म्हणाली, "खाऊ द्या की. रानात काय काठी घेऊन बसता होय?" मंगलाष्टकं झाली तेव्हा अक्षतांबरोबर वरून चार जोंधळे पडत होते. असा मांडव काही माझ्या कागदावर काढलेला नव्हता. लग्नानंतर सगळी कणसं झोडपून दाणे घरातल्या पोत्यात गेले, कडबा गुरांना गेला. मी केलेल्या सजावटींपैकी कचरा न झालेली ती एकमेव.

माझी बोरमाळ काही परत येणार नाही. मी नवी करून पाहिली. मणी यंत्रावर झालेले, एकासारखा एक. दिसायला सुरेख आहे. पण ती एका दिवसात विकत घेतलेली माळ आहे आणि हे तिलाही माहीत असावं असं मला उगाच वाटतं.

तेव्हा श्रोतेहो, कल्पना कुठून सुचतात? मला त्यासाठी लांब जावं लागत नाही. अगदीच अडलं तर मी पुण्यातल्या राजा केळकर संग्रहालयात जाते. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते उभं केलं आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. तिथे राजेरजवाड्यांपेक्षा तुमच्या-आमच्या घरातल्या वस्तू जास्त आहेत. दिवे, अडकित्ते, फण्या, पाय घासायच्या वज्री. पाय घासायच्या वस्तूवरसुद्धा कुणीतरी पक्षी घडवलेला पाहिला की आपली आळशी नजर जागी होते. पण तिथेही जायला जमलं नाही, तरी चालेल. घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईजवळ बसा. घरातला एक दागिना, एक पेटी, एक जुनं भांडं तिच्यापुढे ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. याला काय म्हणतात? असं का म्हणतात? आणि हे आपल्याकडे कसं आलं? ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. त्यानंतर ते मोडायचं की ठेवायचं, त्यातून नवं काय करायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मोडू नका असं मी म्हणणार नाही. फक्त न विचारता मोडू नका.

माझी आई गेल्या वर्षी गेली. त्या दिवशी तिनं सांगितलेलं मी वहीत उतरवून ठेवलं आहे, चौदा पानं भरली. त्यातली पहिली ओळ आहे, 'बोरमाळ, मणी चाळीस.'